मापे मांडताना : घरच्या संग्रहाचे छायाचित्रण

(द्वितीय वर्ष, कला)

छायाचित्र म्हटले की आपल्यापुढे लग्नाचा अल्बम, सहलीतला धबधबा किंवा मावळता सूर्य उभा राहतो. माणसे, देखावे आणि प्रसंग टिपण्यासाठीच कॅमेरा असतो, अशी आपली समजूत असते. घरातल्या फडताळात पडलेल्या वस्तूंचे कोणी छायाचित्र काढू लागले, तर घरचेच लोक विचारतात, "त्यात काय बघायचं?" प्रस्तुत लेख या प्रश्नाचे उत्तर देण्याचा एक प्रयत्न आहे. आपल्याजवळ जो काही संग्रह असेल (नाणी, अडकित्ते, दिवे, काडेपेट्यांचे छाप, जुन्या वह्या) त्याची मांडणी कशी करावी, उजेड कसा घ्यावा आणि चित्र सुंदर करताना ते खोटे होणार नाही याची काळजी कशी घ्यावी, एवढाच त्याचा विषय आहे. महागडी यंत्रसामग्री यात लागत नाही. आमच्या घरात एकच बरा मोबाईल आहे, तोही थोरल्या भावाचा. या लेखात सांगितलेले सर्व प्रयोग त्याच्यावरच केलेले आहेत.

हा प्रकार नवा नाही

वस्तूंचे छायाचित्रण हे छायाचित्रणकलेइतकेच जुने आहे. फ्रान्समध्ये दागेर यांनी १८३७ साली आपल्या कार्यशाळेतील प्लास्टरच्या मूर्ती व इतर वस्तू मांडून जे चित्र घेतले, ते आजही टिकून आहे. त्या काळी चित्र उमटायला बराच वेळ लागे. माणसे एवढा वेळ स्तब्ध बसत नसत, वस्तू मात्र बसत. इंग्लंडमधील टॅलबट यांनी १८४४ ते १८४६ या काळात 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध केले. त्यात चिनी मातीच्या भांड्यांचे एक आणि काचसामानाचे एक, अशी दोन चित्रे आहेत. टॅलबट यांचे म्हणणे असे की, भांड्यांच्या संपूर्ण कपाटाची यादी लिहून काढायला जेवढा वेळ लागेल, जवळजवळ तेवढ्याच वेळात त्याचे चित्र निघते. आणि उद्या ती भांडी चोरीला गेलीच, तर न्यायालयात हे चित्र एक नव्या प्रकारचा पुरावा ठरेल. म्हणजे संग्रहाचे छायाचित्र ही एकाच वेळी कलाकृतीही असते आणि नोंदही, हे अगदी आरंभापासून ठाऊक होते.

पुढे अमेरिकेतील एडवर्ड वेस्टन यांनी १९३० साली एक साधी ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचे चित्र घेतले. नरसाळ्याच्या आतल्या बाजूने उजेड परतून मिरचीवर सर्व बाजूंनी पडला आणि ती मिरची एखाद्या शिल्पासारखी दिसू लागली. वॉकर इव्हान्स यांनी १९५५ साली 'फॉर्च्यून' मासिकात पान्हा, पत्रा कापायची कात्री अशा स्वस्त हत्यारांची चित्रे दिली आणि चित्राखाली त्या हत्यारांची किंमतही छापली. जर्मनीत बेर्न्ट व हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या यांची चित्रे घेतली. ती नेहमी समोरून, शक्यतो ढगाळ उजेडात आणि एकाच पद्धतीने घेतलेली असत. मग ती शेजारी शेजारी ओळीत लावली जात. एकटी टाकी पाहिली तर ती नुसती टाकी वाटते. बारा टाक्या एकत्र पाहिल्या की त्यांतील साम्य आणि फरक बोलू लागतात. संग्रहाच्या छायाचित्रणाचे हेच खरे मर्म आहे.

आपल्याकडे पुण्याचे दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने दिवे, अडकित्ते, कुलुपे, भांडी अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने त्यांनी तो संग्रह उभा केला. तेच आजचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. सामान्य घरातील वस्तूही पाहण्याजोगी असते, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवले.

माझ्यापुढचा संग्रह

उदाहरणाशिवाय विवेचन कोरडे होते, म्हणून आमच्याच घरातील संग्रह घेते. माझे पणजोबा आठवडी बाजारात मापाडी होते. त्यांची सहा मापे आमच्याकडे आहेत : लोखंडी पत्र्याची पायली, पितळी शेर, पितळी मापटे आणि चिपटे, शिवाय कोळवे व निळवे ही दोन लहान लाकडी मापे. त्यांच्याबरोबर एका चंचीत जुनी नाणी आहेत.

आमच्याकडचे कोष्टक असे होते : २ निळवी म्हणजे १ कोळवे, २ कोळवी म्हणजे १ चिपटे, २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर आणि ४ शेर म्हणजे १ पायली. पुढे १६ पायल्यांचा मण आणि २० मणांची खंडी. सर्व प्रांतांत ही मापे नेमकी सारखी नव्हती. पण अर्ध्याचे अर्धे करीत जाण्याची रीत सगळीकडे होती. हिशेब केला तर एका पायलीत ६४ निळवी येतात. आणि जुन्या रुपयात १६ आणे, आण्यात ४ पैसे, म्हणजे एका रुपयात ६४ पैसे. धान्य आणि पैसा, दोन्ही एकाच गणिताने चालत. लिहिता-वाचता न येणारा माणूसही निम्मे आणि निम्म्याचे निम्मे करू शकतो. म्हणूनच ते गणित टिकले असावे, असे मला वाटते.

१९५६ साली दशमान वजन-मापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले आणि १९५८ पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने आली. मापे बाजारातून गेली, तरी भाषेतून गेली नाहीत. आजही आपण 'शेरास सव्वाशेर' म्हणतो, 'पायलीचे पन्नास' म्हणतो, एखादी गोष्ट 'सोळा आणे' खरी आहे म्हणतो. नवी सून आजही उंबऱ्यावरचे माप ओलांडून घरात येते. ज्यांनी चिपटे कधी पाहिले नाही, तेही हे शब्द वापरतात. म्हणून त्या शब्दामागची वस्तू डोळ्यांना दाखवणे मला महत्त्वाचे वाटते.

या कामाला यंदा आणखी एक कारण घडले. आमच्या घराची वाटणी ठरली आहे. भांडीकुंडी तिघा भावांत विभागली जाणार, आणि मापेही. पायली एका चुलत्याकडे, शेर दुसऱ्याकडे, पितळ थोडे मोडीत असेही बोलणे झाले. यात कोणाचा दोष नाही. प्रत्येकाच्या घरी जागा कमी आणि गरज जास्त. परंतु सहा मापे एका ओळीत पुन्हा उभी राहणार नाहीत, हे निश्चित होते. म्हणून चित्रे काढायची ती वाटणीच्या आधीच.

मांडणी : नजर कशी चालते

संग्रहाचे चित्र काढताना सर्वांत आधी ठरवावे ते हे की, या चित्रातून काय सांगायचे आहे. सगळ्या वस्तू एकत्र ठेवून बटण दाबले की ती दुकानातली मांडामांड होते. मी तीन प्रकारची चित्रे ठरवली : पहिले सबंध कुटुंबाचे, दुसरे प्रत्येकाचे स्वतंत्र आणि तिसरे वापरातले.

कुटुंबाच्या चित्रात सहाही मापे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावली. इथे एक गमतीची गोष्ट ध्यानात आली. शेरापर्यंत प्रत्येक माप मागच्याच्या दुप्पट आहे आणि पायली शेराच्या चौपट, पण उंची काही तशी वाढत नाही. आकारमान दुप्पट व्हायला उंची, रुंदी आणि खोली प्रत्येकी सुमारे सव्वा पटच वाढावी लागते. निळवे ५ सेंटिमीटर उंच धरले, तर त्याच घडणीचे कोळवे साधारण ६.३, चिपटे ८, मापटे १०, शेर १२.६ आणि पायली २० सेंटिमीटर होईल. म्हणजे ६४ पट धान्य मावणारी पायली उंचीला फक्त चौपट! डोळा इथे फसतो. म्हणून या चित्रात मी प्रत्येक मापापुढे त्यात मावणाऱ्या ज्वारीची रास घातली. भांडी हळूहळू वाढताना दिसतात आणि त्यांच्यापुढच्या राशी मात्र भराभर पसरत जातात. चित्र पाहणाऱ्याला गणित न सांगता कळते. सर्जनशील मांडणी म्हणजे फुले-पाने लावून सजवणे नव्हे. वस्तूतच दडलेली गोष्ट वर आणणे म्हणजे सर्जनशील मांडणी, असे मला वाटते.

मांडणीचे काही साधे नियम सर्वांनाच उपयोगी पडतील. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पावेत आणि मुख्य वस्तू मधोमध न ठेवता त्या रेघांच्या आसपास ठेवावी. तीन किंवा पाच वस्तूंचा गट दोन किंवा चारपेक्षा सहसा बरा जमतो, कारण नजर जोड्या लावून थांबत नाही, फिरत राहते. उंच वस्तू एका बाजूस, ठेंगणी दुसऱ्या बाजूस आणि पुढे एखादी आडवी, असा त्रिकोण साधला की चित्र स्थिर वाटते. दोन वस्तूंच्या कडा नुसत्या चिकटू देऊ नयेत. एक तर त्यांच्यात मोकळी जागा ठेवावी, नाही तर एक दुसरीच्या थोडी पुढे स्पष्ट यावी. आणि रिकामी जागा ही वाया गेलेली जागा नव्हे. गाण्यात जसा विसावा, तशी ती चित्रात हवी.

पार्श्वभूमीसाठी बाजारातून काही आणावे लागत नाही. काळी घोंगडी उजेड गिळते, म्हणून तिच्यावर पितळ उठून दिसते. लाकडी मापांना मात्र घोंगडीत हरवल्यासारखे होते. त्यांना गोणपाट किंवा सारवलेली जमीन शोभते. छापील फुलांची चादर टाळावी, कारण नजर वस्तू सोडून फुलांत अडकते.

उजेड : सगळे काही त्यावर

घरातला सर्वांत चांगला दिवा म्हणजे दार. ज्या दारातून थेट ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, त्या दाराच्या बाजूला, साधारण हातभर आत, एक फळी मांडावी. उजेड एका बाजूने आला की वस्तूची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते आणि गोलाई दिसते. समोरून, म्हणजे आपल्या पाठीमागून उजेड आला, तर गोल भांडेही सपाट थाळीसारखे दिसते. मोबाईलचा फ्लॅश नेमके हेच करतो. म्हणून तो बंदच ठेवावा. सावलीची बाजू फारच काळी झाली तर त्या बाजूला पांढरा कागद किंवा पुठ्ठा उभा करावा. तो उजेड परत पाठवतो आणि सावली मऊ होते. खोलीतला पिवळा दिवा मालवावा. दाराचा निळसर आणि दिव्याचा पिवळा असे दोन उजेड मिसळले की पितळेचा खरा रंग कळत नाही.

पितळेची एक निराळीच अडचण आहे. चकचकीत गोल भांडे हा खरे म्हणजे आरसाच. त्यात दार, खिडकी, आपण स्वतः, हातातला मोबाईल, सगळी खोली उमटते. उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो, हे आपण शाळेत शिकलो. त्याचा उपयोग इथे होतो. भांड्याला जे दिसते तेच त्याच्या अंगावर उमटणार, मग त्याला स्वच्छ असेच काही दाखवावे. मी दारावर आजोबांचे पांढरे धोतर ताणून बांधले. उजेड त्यातून गाळून आला आणि शेराच्या अंगावर खिडकीच्या गजांऐवजी एक सरळ, मऊ, उभी पांढरी पट्टी उमटली. त्या एका पट्टीने शेराची घडण कळते : कुठे पोट आहे, कुठे कंबर आहे आणि ठोक्यांनी कुठे पोचा पडला आहे.

नाण्यांना याच्या उलट करावे लागते. नाण्यावरचे चित्र अगदी उथळ असते. उजेड वरून पडला तर ते पुसल्यासारखे दिसते. म्हणून नाणे काळ्या कापडावर ठेवून बॅटरी जवळजवळ जमिनीलगत, अगदी तिरकी धरावी. मग प्रत्येक उंचवट्याची एक कड उजळते आणि दुसरी सावली टाकते. झिजून गेलेले सालही कधी कधी वाचता येते. आमच्या चंचीतला १९४३ सालचा भोकाचा पैसा असाच वाचता आला. युद्धकाळात धातू वाचवण्यासाठी या पैशाला मधोमध भोक ठेवले होते. त्याचा व्यास जेमतेम २१ मिलिमीटर. १९५० नंतरच्या पैशावर घोडा आहे, आण्यावर बैल आहे, रुपयावर गव्हाच्या ओंब्या आहेत. १९५७ च्या नव्या पैशावर तो रुपयाचा शंभरावा भाग असल्याचे हिंदीत लिहिलेले आहे, कारण लोकांना ते समजावून सांगणे भाग होते. सालाखाली लहानसा चौकोनी हिरा असेल तर नाणे मुंबईच्या टाकसाळीतले, चांदणी असेल तर हैदराबादचे. पंचवीस पैसे आणि त्याखालची सारी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. माझ्या धाकट्या भावाने ती हातात घेऊन व्यवहार कधी केलाच नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा. चित्र चांगले यावे म्हणून नाणी चिंच लावून किंवा राख लावून घासू नयेत. वर्षांनी धातूवर जो गडद थर चढतो, तो त्याच्या वयाचा दाखला असतो. घासले की तोही जातो आणि नाण्याची कडही जाते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, तेवढे पुरे.

मापात पाप

आता मी या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येते. मापाड्याच्या धंद्यात एक शब्द फार महत्त्वाचा : शीग. माप भरल्यावर काठाच्या वर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो ती शीग. 'उत्कंठा शिगेला पोहोचली' असे आपण लिहितो, ते येथूनच आले. माप शिगेचे द्यायचे की काठाबरोबर हात फिरवून सपाट द्यायचे, यावर बाजारात भांडणे होत. माझी आजी, म्हणजे मापाड्यांची सून, सांगते की काही घरी धान्य घेताना शीग लावीत आणि देताना हात फिरवीत. माप तेच, पण न्याय निराळा. पणजोबांचे नाव बाजारात होते, ते घेताना आणि देताना सारखीच शीग ठेवीत म्हणून. पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. आणि मग दोन, तीन असे मोजीत.

ही गोष्ट ऐकल्यावर भरलेल्या पायलीचे चित्र घेताना कोन ठरवणे सोपे झाले. बरोबर वरून चित्र घेतले तर काठाचे गोल वर्तुळ आणि आत दाणे, फार देखणे दिसते. पण त्यात शीग दिसत नाही. शिगेची पायली आणि सपाट पायली वरून सारखीच. काठाच्या पातळीवर डोळा आणून, बाजूने चित्र घेतले, तरच शीग दिसते. वरचे चित्र अधिक सुंदर आहे, बाजूचे अधिक खरे आहे. मी दोन्ही घेतली, पण संग्रहाच्या वहीत बाजूचे लावले.

कॅमेऱ्याकडूनही मापात पाप होऊ शकते. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते, हे सर्वांना माहीत आहे. पण फरक किती पडतो ते पाहा. मापटे कॅमेऱ्यापासून १ मीटरवर आणि शेर सव्वा मीटरवर ठेवला, तर दोन्ही चित्रात सारखीच दिसतात. अगदी २० सेंटिमीटरवरून चित्र घेतले तर एवढी फसवणूक व्हायला मापटे फक्त ५ सेंटिमीटर पुढे सरकलेले पुरते. म्हणून आकारांची तुलना दाखवायची असेल तेव्हा जवळ जाऊ नये. दीड-दोन मीटर मागे सरावे, हवे तर मोबाईलची भिंग-सोय वापरून दृश्य जवळ आणावे आणि सर्व वस्तूंचे बूड एकाच सरळ रेषेत ठेवावे. मी फळीवर खडूने रेघ ओढली होती. चित्रात एखादी सर्वांना ठाऊक असलेली वस्तू किंवा पट्टी ठेवली की आकाराबद्दल शंका राहत नाही.

मोबाईलवर चित्रे घेणाऱ्यांसाठी आणखी दोन-तीन सूचना. मोबाईल हातात न धरता दोन विटांमध्ये उभा करावा आणि आपोआप दोन-तीन सेकंदांनी टिपण्याची सोय वापरावी. मग कमी उजेडातही चित्र हलत नाही. पडद्यावर वस्तूवर बोट दाबून धरले की स्पष्टता आणि उजेड तिथेच कायम राहतो. नंतर उजेड किंचित कमी करावा, म्हणजे पितळेवरचा चमकणारा भाग पांढराफटक होत नाही. काळ्या घोंगडीमुळे मोबाईलला वाटते की सगळेच अंधारात आहे, आणि तो उगाच उजळपणा वाढवतो. हे त्याला समजत नाही, आपल्याला समजले पाहिजे.

हात हवा

सारी मांडामांड पाहून आजी म्हणाली, "रिकामं माप कशाला दावतीस लोकांना, पोरी? दाणं तर घाल त्यात. आन् हात कुठाय कुणाचा?" चित्रकलेचे एकही पुस्तक तिने पाहिलेले नाही, पण तिसऱ्या प्रकारच्या चित्राबद्दल जे सांगायचे ते तिने सांगून टाकले. वस्तू वापरासाठी घडलेली असते. शेराचा काठ एका बाजूला जास्त झिजलेला आहे, कारण तिथेच अंगठा येत असे. हात नसेल तर ती झीज नुसती खोड वाटते. हात आला की तिचे कारण कळते.

म्हणून शेवटच्या चित्रात आजी आहे. तिचा चेहरा घेतला नाही, कारण तिला तो नको होता आणि संग्रहाच्या चित्रात माणसाची इच्छा आधी पाहावी. दोन हात, हिरव्या बांगड्या, हातात शेर, खाली सूप आणि शेरातून पडणारी ज्वारी. उजेड दारातून. दाणे पडताना किंचित पुसट आले आहेत, हात आणि शेर मात्र स्पष्ट आहेत. ते चित्र पाहून धाकट्या चुलत्यांनी एवढेच विचारले, "हा शेर अजून इतका धड आहे?" शेर मोडीत द्यायचे बोलणे त्यानंतर निघालेले नाही. छायाचित्राने तो वाचवला असा दावा मी करीत नाही. पण घरातल्यांनी त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहिले, एवढे खरे.

नोंद केल्याशिवाय चित्र अपुरे

चित्र कितीही सुंदर असले तरी नाव नसेल तर पन्नास वर्षांनी ते मुके होते. प्रत्येक चित्रामागे पाच गोष्टी लिहाव्यात : वस्तूचे घरात म्हणतात ते नाव, ती कशाची आहे, उंची व रुंदी, कोणाकडून आली, आणि चित्राची तारीख. घरातलेच नाव लिहावे, पुस्तकातले शोधू नये. कोणी 'निळवे' म्हणेल, कोणी 'निळवं' म्हणेल. तो फरकही नोंदवण्यासारखाच आहे. मोबाईल हरवतो, बिघडतो, म्हणून निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत. आमच्या सहा मापांची चित्रे मी तीन वेळा छापून घेतली आहेत. वाटणीत प्रत्येक घरी एक वही जाईल. मापे तीन ठिकाणी असतील, पण त्यांची ओळ प्रत्येकाकडे पूर्ण असेल.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे अनेक जण आहेत, ज्यांच्या घरातून प्रथमच कोणी इथवर आले आहे. ग्रंथालयात बसून आपण राजांचा इतिहास वाचतो, आणि तो वाचलाच पाहिजे. पण आपल्या घरात वंशावळी नाहीत, तैलचित्रे नाहीत, पूर्वजांची पत्रे नाहीत. जे आहे ते खुंटीला, फडताळात आणि माळ्यावर आहे : पाभरीचे चाडे, खलबत्ता, चामड्याची मोट, दाईची पेटी, सुताराचा रंधा. हीच आपली कागदपत्रे. ती वाचायला एक दार, एक पांढरे धोतर आणि थोडा धीर पुरतो. येत्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घरातील एका संग्रहाची दहा चित्रे नोंदीसह काढली, तर पुढच्या वार्षिकांकाच्या वेळी भिंतीवर लावायला पुरेसे साहित्य जमेल. मराठी आणि इतिहास विभागातील प्राध्यापकांनी याकडे लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

मात्र चित्र काढताना डोळा काठाच्या पातळीवर असू द्यावा, म्हणजे शीग असेल तर शीग दिसेल आणि नसेल तर तेही दिसेल.